पुंजा पास झाला

चतुराबाईच्या तोंडून निघालेली गोष्ट पाड्यावरून खाली गावात पोचेपर्यंत वाढायची नाही, उलट घटायची. तिनंच ती एवढी फुगवून सोडलेली असायची की नेणाऱ्याला वाटेत थोडी थोडी टाकून द्यावी लागायची. तिच्या माहेरी, सुरगाण्याकडं, एकदा एवढा भोपळा धरला की हरवलेली शेळी तिसऱ्या दिवशी त्यात सापडली. दोन करडांसकट. नागली पाखडता पाखडता ती हे सांगायची, आणि कुणी हसलंच तर म्हणायची, "हसा. करडांची नावं बी सांगू का?"

नवरा पुंजा बोलायला कंजूस. त्याचं सगळं बोलणं हातात. उन्हाळ्यात पालापाचोळा जाळून रोपांच्या जागेचा राब भाजला की त्यावर नागलीचं बी फेकावं तर पुंजानं. मूठ भरायची, मनगट हलवायचं, आणि दाणा असा पडायचा की दोन दाण्यांत बोटभर जागा. पाड्यावरच्या अकराही घरांचं बी तोच फेकायचा. दुसऱ्या कुणी फेकलं की रोप कुठं जटेसारखं दाट, कुठं टक्कल.

आणि वारं गेलं ते त्याच हातावरून.

कार्तिकात भाताची झोडणी चालली होती. पुंजानं पेंढी डोक्यावर नेली आणि तसाच उजव्या अंगावर बसला. चतुराबाईला वाटलं, पाय घसरला. ती हसली. "म्हातारा झाला गं माझा बैल," असं सुनेला, कुसाबाईला म्हणालीसुद्धा. मग पुंजा तिच्याकडं बघून काही बोलला आणि ते बोलणं तोंडाच्या एकाच कोपऱ्यातून लाळेसारखं गळालं. ते हसू तिला पुढं कितीतरी दिवस आठवलं.

पाड्यावरची आशा कार्यकर्ती पूजा, कुसाबाईच्या वयाची पोरगी. तिनं टेकडीवर चढून, रेंज पकडून एकशेआठला फोन लावला. गाडी डांबरी संपते तिथवर आली. तिथवर पुंजाला झोळीत घालून बहिरूनं, म्हणजे पोरानं, आणि शेजारच्या मंगळूनं नेलं. नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात अकरा दिवस. बाराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "जीवाचा धोका टळला. आता इथं ठेवून उपयोग नाही, घरी न्या. व्यायाम मात्र सोडू नका."

चतुराबाईच्या कानात त्यातलं एकच राहिलं. इथं ठेवून उपयोग नाही. तिच्या जावेला असंच घरी पाठवलं होतं, ती चार दिवसांत गेली. ज्यात काही उरलं नाही त्याला दवाखाना घरी पाठवतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पण पूजानं खालच्या आरोग्य केंद्रात पुंजाचं नाव लावलं. तिथं एका संस्थेची व्यायामवाली ताई होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी स्वतः जायची, दर आठवड्याला एकदा. तेवीस गावं, ताई एक. पुंजाच्या वाट्याला बुधवार आला.

ज्योत्स्नाताई पहिल्या बुधवारी आली ती धापा टाकत. स्कूटी खाली, ती वर. पुंजाचा उजवा हात तिनं मांडीवर घेतला. मूठ घट्ट मिटलेली. एकेक बोट उघडून, तळवा सपाट धरून ती वीसपर्यंत मोजायची आणि सोडायची. मनगट मागं, खांदा वर, गुडघा छातीशी.

"आजी, हे रोज सकाळ-संध्याकाळ तुम्ही करायचं, आणि बुधवारी मी," ती म्हणाली. "पहिले सहा महिने सोन्याचे असतात. यात हात सोडवला तर सुटेल. नंतर तो जसा धरेल तसाच राहील."

"पेरणीपातूर सुटंल?"

"केलं तर सुटेल."

चतुराबाईनं बोटांवर मोजलं. मार्गशीर्ष, पूस, माघ, फागुन, चैत, वैशाख. रोहिणीपर्यंत बरोबर सहा.

दुसऱ्या बुधवारी ताईनं दारातच विचारलं, "काय म्हणतात बाबा?"

आता पाड्यावरची रीत अशी, की आपल्यासाठी चढ चढून आलेल्या माणसाला दारात दुखणं दाखवायचं नाही. आधी पाणी द्यायचं, मग चांगला शब्द द्यायचा. चतुराबाई म्हणाली, "बरं हाय. काल उंबऱ्यापातूर गेले."

पुंजा काल खाटेवरून हललाही नव्हता. पण ताईचं घामेजलेलं तोंड असं उजळलं की चतुराबाईला वाटलं, हिला काहीतरी दिलं आपण. तिसऱ्या बुधवारी पुंजा अंगणापर्यंत गेला. चौथ्या बुधवारी विहिरीपर्यंत. पुंजा खाटेवर पडल्या पडल्या आपण कुठं कुठं जाऊन आलो ते ऐकायचा.

"का गं सांगती?" ताई गेल्यावर तो अर्ध्या तोंडानं विचारायचा.

"मंग काय सांगू? व्हता तिथंच हाय? वाळल्या झाडाला कोण पाणी घालतंय, बहिरूच्या बा? दोन येळा यील, तीन येळा यील, मंग म्हणंल ठेवून उपयोग नाय."

पुसात द्राक्षबागांची कामं निघाली आणि पाड्यावरची टोळी दिंडोरीकडं जायला निघाली. बहिरू कचरत होता. "बाला असं टाकून कसं जाऊ, आये?"

"जा. बा चालाया लागला. तू आखाजीला येशील तवा वाटंवर उभा दिसंल तुला."

बहिरू आणि कुसाबाई गेले. माघात एकदा येऊन जातो, म्हणाला होता.

खोट्यात थोडं खरंही होतं, हे सांगायला पाहिजे. ताईच्या हाताला यश होतं. पुसाच्या शेवटी पुंजा मधल्या खांबाला धरून चार पावलं टाकू लागला. मूठ सकाळी तेल लावून चोळली तर अर्धी उघडायची, आणि पुंजा तिच्याकडं बघत बसायचा, जसं गाय वासराकडं बघते. पण ती आपली आपण उघडायची नाही, आणि डाव्या हाताशिवाय घास तोंडात जायचा नाही.

एका बुधवारी ताई निघताना म्हणाली, "आजी, पुढच्या वेळी आमचे शेखर सर येणार आहेत. बाबा काय काय करू शकतात ते विचारतील, मार्क देतील. मग पुढचं ठरेल."

मार्क म्हटल्यावर चतुराबाईला बहिरूची शाळा आठवली. बहिरू आश्रमशाळेत सातवीला नापास झाला होता. मार्क कमी पडले तेव्हा मास्तर म्हणाले होते, याच्यावर मेहनत घेऊन उपयोग नाही, घरी न्या. नापासाला कुणी ठेवून घेत नाही, हे तिनं एकदा भोगलं होतं. पुंजाला ती नापास होऊ देणार नव्हती.

पूजाला विचारलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण त्या आठवड्यात पूजा एका बाळंतिणीबरोबर पेठला जाऊन बसलेली, आणि चतुराबाईला विचारण्यापेक्षा सांगण्याची सवय.

मग सात दिवस पुंजाच्या घरात शाळा भरली. चतुराबाई पातेल्यावरचं झाकण छातीशी धरून साहेब व्हायची.

"नाव काय?"

"तुला म्हाईत नाय?"

"सायबाला म्हाईत नाय. बोला."

"पुं... जा."

"हातानं जेवता का?"

"डाव्या."

"डाव्या म्हणायचं नाय. जेवतो म्हणायचं. खोटं हाय का ते?"

पुंजा विचार करायचा. खोटं नव्हतं.

बुधवारी तिनं पहाटेच पाणी तापवलं, त्याला न्हाऊ घातलं, धुतलेली टोपी चढवली. मोहाच्या कोमट तेलानं मूठ तासभर चोळली आणि ऊब राहावी म्हणून घोंगडीत गुंडाळून ठेवली. शेखर सर भला माणूस. पाणी प्यायला, घर छान गार आहे म्हणाला, आणि कागद काढला.

"स्वतःच्या हातानं जेवतात?"

"तर. भाकर बी मोडत्यात."

"चालतात?"

पुंजा उठला. खांबाला धरून चार पावलं टाकली, पाचवं टाकताना गुडघा लटपटला. पण चतुराबाईनं बरोबर त्याच वेळी साहेबापुढं पाण्याचा तांब्या केला.

"संडासला?"

"आपले आपण जात्यात. मला हाक बी मारीत नाय."

"कपडे, आंघोळ?"

"आज न्हाले ते काय मी न्हाऊ घातलं? सकाळी उठून बघते तर तयार."

ज्योत्स्नाताईनं मान वर केली. "आजी, नक्की ना?"

"मंग काय."

ताईनं घोंगडी बाजूला करून मूठ हातात घेतली. तेलानं मऊ पडलेली बोटं तिच्या हातात निम्म्यापेक्षा जास्त उघडली. ताईच्या डोळ्यांत पाणीच आलं. सरांकडं बघून ती एवढंच म्हणाली, "दहा आठवड्यांत, सर." सरांनी बेरीज केली. शंभरात पंच्याऐंशी. "अभिनंदन, बाबा," म्हणाले.

दोघं गेल्यावर चतुराबाईनं गूळ काढला. पाड्यावर प्रत्येक दारात जाऊन सांगितलं, पुंजा पास झाला. शेवटच्या दारापर्यंत त्याचे मार्क शंभरावर गेले होते.

पुढच्या बुधवारी तिनं परत पाणी तापवलं, गोणपाट अंथरलं. ऊन खांबावरून खाली आलं, भिंतीवर गेलं, ताई आली नाही. लस टोचायची असंल खाली, ती म्हणाली. त्याच्या पुढच्या बुधवारीही नाही. तिसऱ्या बुधवारी पूजा आली, बाळांची वजनं घ्यायला, तेव्हा कळलं.

"आजी, बाबांचं नाव निघालं ना."

"निघालं? पंच्याऐंशी पडले त्याला."

"म्हणून तर. बरा झाला म्हणून निघालं. ज्याला कमी मार्क पडतात त्याच्याकडं ताई जाती. बुधवार आता खालच्या गावच्या चिमणाबाईला दिला."

चतुराबाई सूप हातात धरून उभी राहिली. "म्हंजे नापास झालेला बरा?"

"आजी, बाबा चालतात ना पण? विहिरीवर जातात म्हणालीस." पूजानं आत डोकावून बघितलं. पुंजा भिंतीकडं तोंड करून निजला होता. पूजाला समजायला वेळ लागला नाही. "मी सांगते त्यांना. फॉर्म परत भरतील."

"नको."

"का?"

"सायबापुढं बोलले मी. लबाड ठरंन." तिनं सूप खाली ठेवलं. "मी करते की व्यायाम. मला येतोय. चार दिस बघू."

त्या चार दिवसांचे तीन महिने झाले.

पहिले पंधरा दिवस तिनं मन लावून केलं, सकाळ-संध्याकाळ. बोटं उघडायची, वीस मोजायचे. पण घरात हाताशी दुसरं माणूस नव्हतं. पाणी दोन खेपांचं, लाकूडफाटा, शेळ्या, खाटेखालचं काढणं-धुणं. फागुनात मोहाची फुलं गळू लागली, ती पहाटेच वेचावी लागतात, नाहीतर गुरं खातात. सकाळचा व्यायाम राहिला. चैतात राब भाजायला पाला तोडणं, शेण पसरणं आलं, ते काम पुंजाचं, या वर्षी तिच्याच डोक्यावर. संध्याकाळचा व्यायामही वीसच्या जागी दहावर आला. ती बोटं ओढायची, पुंजाच्या अंगाला दरदरून घाम सुटायचा.

"दुखतंय का?"

"नाय. बरं हाय."

बरं हाय म्हटल्यावर तीही सोडून द्यायची. दोघांनाही सुटल्यासारखं व्हायचं. मूठ दिवसादिवसानं आवळत गेली, चतुराबाई तेल लावत राहिली, आणि फोनवर बहिरूला सांगत राहिली, बा आता मळ्यात जातो, बा शेळ्यांना हाका मारतो. माघात येणारा बहिरू मग माघात आला नाही. बागवानानं थांब म्हटलं, तो थांबला.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, तो आला तेव्हा वाटेवर कुणी उभं नव्हतं. पिशव्या अंगणात ठेवून तो आत गेला, कुसाबाई मागं. पुंजा खाटेवर. अंग निम्मं झालेलं. बहिरूनं त्याचा उजवा हात हातात घेतला, मूठ उघडायला बघितलं. नखं तळव्यात रुतली होती, आतून आंबूस वास आला.

"आये," तो म्हणाला, "तू तर म्हणली व्हतीस..."

पुढं बोलला असता तर चतुराबाईनं काहीतरी उत्तर रचलं असतं. कुसाबाईनं नुसतं कोमट पाणी आणून ती मूठ धुवायला घेतली.

पुढच्या बुधवारी चतुराबाई खाली उतरली. आरोग्य केंद्रात सांगितलं, ताई चिमणाबाईकडं आहे. ती तिथं गेली. ओट्यावर एक पांढऱ्या केसांची बाई मांडी घालून बसली होती, पुढ्यात सूप, सुपात नागली, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी ती त्यातले खडे उचलत होती. सावकाश. खडा निसटायचा, ती परत उचलायची. शेजारी ज्योत्स्नाताई मोजत होती, "अकरा. बारा. शाब्बास."

"ही बी अशीच पडली व्हती?" चतुराबाईनं विचारलं.

चिमणाबाईच हसून म्हणाली, "मी? मी तर माघात मुतायला बी उठत नव्हते, बाई."

चतुराबाई त्या बोटांकडं बघत राहिली. हेवा करावा तर बाई चांगली होती. ती ओट्याच्या पायरीवर बसली आणि सगळ्यांसमोर बोलली. विहीर खोटी, मळा खोटा. त्या दिवशीची आंघोळ मी घातली. मूठ तेलानं उघडली व्हती. ऐकताना चिमणाबाईचा हात सुपात थांबला.

"आजी, तीन महिने," ताई शेवटी म्हणाली. "पूजाकडून एक फोन करायचा होता."

"लाज वाटली."

"उद्या येते," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ताई आली त्याच सकाळी मंगळू विचारून गेला होता, रोहिणी आठ दिवसांवर आली, औंदा अकरा घरांचं बी कोण फेकणार. ताईनं तोच फॉर्म काढला. पुंजा खाटेवर, बहिरू दाराशी, कुसाबाई चुलीपाशी.

"स्वतःच्या हातानं जेवतात?"

"डाव्या. भाकर मी कुसकरून देते."

"कपडे?"

"मी नेसवते."

"आंघोळ?"

"मी घालते."

"चालतात?"

"व्हते चालत चार पावलं. आता उभं केलं तर उभे ऱ्हात्यात, धरून."

"संडासला?"

कुसाबाई हंडा उचलून पाण्याला निघून गेली, हंडा भरलेला असताना. बहिरूनं मान बाहेर वळवली. पुंजानं तोंड भिंतीकडं केलं होतं, त्याचे कान तेवढे दिसत होते.

"खाटंवरच. मी काढते."

ताईनं बेरीज केली. शंभरात तीस. "नाव लागेल परत," ती म्हणाली.

"मंग मूठ उघडंल?"

ज्योत्स्नाताईनं फॉर्म घडी करून पिशवीत ठेवला. "नाही, आजी. ती आता उघडायची नाही. मी येत जाईन. नखं रुतू नयेत, तळव्याला जखम होऊ नये, खांदा आखडू नये, तेवढं करू. बाबा पाठीला उशी न लावता बसतील, एवढं मी बघेन." मग ती खाली बघून म्हणाली, "मला त्या दिवशी शंका आली होती. तेलाचा वास येत होता हाताला. पण मूठ उघडली ते मलाच खरं वाटून घ्यायचं होतं."

चतुराबाईला तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण चांगला शब्द सापडेना.

बहिरू दाराशीच बोलला, "मंगळूला सांगतो मी. त्यानंच फेकावं बी." आणि तो अंगणातून निघून गेला.

पुंजानं भिंतीकडचं तोंड तेव्हा वळवलं. त्यानं बायकोकडं बघितलं आणि जड जिभेनं, तोडत तोडत म्हणाला, "मी बी... गप बसलो व्हतो. पास व्हायचं... व्हतं मला बी."

ताई गोणपाटावर बसली. त्याचा हात मांडीवर घेऊन तिनं करंगळीपासून सुरुवात केली. बोट तळव्यापासून जेमतेम काडीभर सुटलं. त्या फटीत तिनं मऊ कापड सरकवलं. पुंजाच्या कपाळावर घाम आला.

"बाबा, दुखतंय का?"

"नाय," पुंजा म्हणाला. "बरं हाय."

चतुराबाईनं त्याच्या चांगल्या पायाकडं बघितलं. पायाची पाचही बोटं खाटेच्या सुंभाला घट्ट धरून होती.

"दुखतंय त्याला," ती म्हणाली. "लई दुखतंय. लिव्ह तू तसं."